अडीच अंश

खोलीत एक खाट, एक स्टो, दोन ताटं, दोरीवर तीन सदरे, वीस लिटरचा पाण्याचा एक डबा आणि एक माणूस होता. डब्यातलं पाणी तळापर्यंत गोठलं होतं. माणसाचं तापमान शून्य अंश. बाहेर सावलीत सेहेचाळीस. बचाव खात्याच्या मृदुला गेडामने आकडे दोनदा तपासून वहीत लिहिले. पत्र्याच्या भिंतीवर वज्रकायच्या चित्रकथेचं एक पान डकवलेलं होतं. त्यात वज्रकाय हसत होता.

खरा वज्रकाय, म्हणजे प्रल्हाद उईके, दारात उभा होता. अर्ध्या तासापूर्वी पलीकडच्या कोळसाखाणीत कामगारांना खाली-वर नेणाऱ्या पाळण्याचा दोरखंड तुटला. खाणीच्या तोंडावर हवेत तरंगत प्रल्हादने तो पाळणा दोनशे मीटर खोलीवर अडवला आणि एकतीस कामगारांसकट वर आणला. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. इथवर ऐकू येत होत्या.

खाटेवर वासुदेव होता. त्याची बहीण कुंदाबाई त्याच्या पायाशी बसली होती. ती रडत नव्हती.

"मॅडम, वैशाखात माणूस गारठून मरते काहून? मले समजेल असं सांगा."

"ताकद आपोआप येत नाही, कुंदाबाई. ती कुठून तरी घ्यावी लागते," मृदुला म्हणाली. "विहिरीतून पाणी उपसतात, तशी हे आसपासची उष्णता उपसतात. आम्ही त्याला उष्मा-उपसा म्हणतो. पाळणा वर आणायला एक कोटी ज्यूल ऊर्जा लागली. उपशात निम्मी वाया जाते, म्हणून दोन कोटी घ्यावी लागली."

"अन् ते माह्या भावातून घेतली."

"उपसा कोणत्या दिशेने करायचा ते ठरवावं लागतं. नकाशात ही जागा निर्जन दाखवली होती."

"नकाशा कोणं काढला?"

मृदुलाने पेनाचं टोपण लावलं. "मी."

गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने तिने तो काढला होता. हिवाळ्याच्या पहाटे काढला असता, तर उघड्यावर शेकोटीशी बसलेला माणूस न् माणूस ठिपक्यासारखा उठून दिसला असता. मे महिन्यात पत्रा साठ अंशांवर असतो आणि त्याखाली झोपलेला माणूस सदतीसवर. कॅमेऱ्याने फक्त पत्रा पाहिला. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी अख्खी वस्ती तिने हिरवी रंगवली होती. हिरवं म्हणजे खुशाल उपसा. हाच प्रश्न परीक्षेत आला असता, तर तिने पैकीच्या पैकी गुण मिळवले असते.

कुंदाबाई दाराकडे वळली. "अन् तुले वरून काय दिसलं?"

"पत्रे," प्रल्हाद म्हणाला.

"आणखी?"

त्याने दोरीवरच्या सदऱ्यांकडे पाहिलं. "कपडे. वाळत घातलेले."

"मंग?"

"माझ्याकडे चार सेकंद होते, बाई. खाली एकतीस माणसं होती."

"वाचले ते चांगलंच झालं. त्याइच्या घरी आज चुली पेटतीन. मी दुसरं विचारून राह्यली. कपडे कोण वाळू घालते? भुतं?"

"माणसं."

"म्हणजे तुले माहीत होतं."

प्रल्हादने मान खाली घातली. मृदुलाला त्याच्या झुकलेल्या मानेची चीड आली. तिला वाटलं, आता हा दुःखी दिसेल आणि पुढच्या अंकात त्या दुःखाचंही चित्र येईल.

"सोताच्या अंगातून काहून नाही घेतली?" कुंदाबाईने विचारलं.

"माणसातून अडीच लाख ज्यूल काढले की तो एका अंशाने गार होतो," मृदुला म्हणाली. "दोन कोटींसाठी ऐंशी अंश लागतील. एका माणसात तेवढे नसतात."

"एकात नसन. पाळण्यात तं एकतीस होते. हा बत्तिसावा."

मृदुलाने वही उघडून भागाकार केला. मग पुन्हा केला.

"अडीच अंश," ती म्हणाली. "प्रत्येकी. हुडहुडी भरली असती."

"अन् मेलं कोण असतं?"

मृदुलाने भागाकाराखाली रेघ ओढली.

"तसा नियम आहे," प्रल्हाद हळूच म्हणाला. "ज्याला वाचवायचं, त्याच्या अंगातून घ्यायचं नाही. पहिल्याच दिवशी शिकवतात."

"काहून?"

"वाचलेली माणसं हसत बाहेर यावी लागतात. कुडकुडणारी चित्रात बरी दिसत नाहीत."

कुंदाबाई उठली. भिंतीवरचं कडक झालेलं पान तिने सोलून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "घे. तुह्यंच हाये."

संध्याकाळी खात्याचा अहवाल सहीसाठी आला. मृत्यूचं कारण लिहिलं होतं: उष्माघात. मृदुलाने ते खोडून 'उपसा' लिहिलं आणि खाली भागाकार मांडला. साहेब म्हणाले, "कागदावरचा भागाकार म्हणजे पुरावा नव्हे, बाई."

"मग पुरावा करू," ती म्हणाली.

नवव्या दिवशी तोच पाळणा नव्या दोरखंडाला बांधून त्याच खोलीवर नेला. दोरखंड फक्त खबरदारीसाठी होता. भार प्रल्हादने उचलायचा होता, उपसा पाळण्यातल्यांच्या आणि स्वतःच्या अंगातून करायचा होता. त्या दिवशी वाचलेल्या एकतीस जणांना निरोप गेले होते. एकोणतीस आले. उरलेल्या दोन जागांवर मृदुला आणि कुंदाबाई उभ्या राहिल्या. बत्तिसावा प्रल्हाद. पाळणा वर आला तेव्हा सगळ्यांचे दात वाजत होते.

बत्तीस थर्मामीटर वाचले. सर्वांत कमी ३४.२, सर्वांत जास्त ३४.८, सरासरी ३४.५ अंश. थरथर थांबायला पंचेचाळीस मिनिटं लागली. मृत्यू: शून्य.