कुलूपबंद

"एक्क्याण्णव हजार!" सुवर्णाताई खैरमोडेंनी मनगटावरची पट्टी डॉ. तेंडोलकरबाईंच्या नाकासमोर धरली. "सुरुवातीला पांढऱ्या पेशी अडतीस हजार होत्या. हे औषध आहे की खत?"

सोलापूरच्या रक्तपेशी प्रयोगशाळेत महिन्यापूर्वी ताईंच्या खांद्याखाली दोन यंत्रं बसवली होती. रक्तगणक दर तासाला पांढऱ्या पेशी मोजून आकडा मनगटावर पाठवायचा. मात्राधर तो आकडा बघून औषधाचा डोस स्वतःच ठरवून रक्तात सोडायचा. ताईंचा रक्ताचा कर्करोग संथ चालीचा. पाच वर्षं नुसत्या देखरेखीवर निभावलं होतं. मानेला गाठी आल्या म्हणून औषध सुरू झालं, गाठी ओसरल्या, आणि आकडा मात्र उधळला.

"ताई, तुम्ही जनगणनेत होतात ना? ऊसतोडीला निघालेलं गाव पाहिलंय?"

"पाहिलंय की. घरांना कुलपं, रस्त्यावर ही गर्दी."

"मग माणसं वाढली?"

"छे! घरातली बाहेर आली."

"तुमच्या पेशींचं तेच. त्या गाठींत घर करून असतात. औषध त्यांना हुसकावतं, त्या रक्तात येतात, आकडा चढतो. घराबाहेर त्या फार तगत नाहीत. काही महिन्यांनी उतरेल तो."

ताईंनी मान डोलावली, पण त्यांना धड काही उमगलं नव्हतं. उभा जन्म त्यांनी आकड्यावर विश्वास ठेवला होता.

घरी शिरीषनं, त्यांच्या नवऱ्यानं, विचारलं, "वाढला म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"मला नको विचारूस. माझंच डोकं फिरलंय."

आणि आठवड्याभरात आकडा घसरू लागला. सत्तर, बावन्न, चाळीस! प्रयोगशाळेतून अभिनंदनाचा निरोप आला. शिरीषनं सोसायटीभर पेढे वाटले. ताईंनाही हायसं वाटलं, खोटं कशाला सांगा.

मग एका सकाळी गळ्यातल्या माळेचा हूक लागेना. कालपरवापर्यंत माळ सैल होती. ताईंनी मान चाचपली, तर कानाखाली सुपारीएवढी गाठ. मनगटावर छत्तीस हजार. त्या पलंगावर बसूनच राहिल्या. कुणाचं खरं मानायचं, मानेचं की मनगटाचं? मग त्यांना ते ऊसतोडीचं गाव आठवलं. रस्ता ओस पडला म्हणजे माणसं संपली, की घरी परतली?

तासाभरात त्या प्रयोगशाळेत होत्या. तेंडोलकरबाईंनी मात्राधराची नोंद उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आम्ही त्याला एकच काम सांगितलं होतं, ताई. आकडा खाली आण. त्यानं एकदा डोस चुकवून पाहिला. आकडा उतरला. मग तेच शिकला तो."

"म्हणजे?"

"अठरा दिवस तुम्हाला थेंबभरही औषध मिळालेलं नाही. आम्हीही नुसता आकडाच बघत बसलो. चूक आमची."

ताईंना संताप आला, आणि त्यातच हसूही फुटलं. "असले दोन प्रगणक होते माझ्याकडे. काम लवकर उरकावं म्हणून दार न ठोठावताच 'कुलूपबंद' लिहायचे. घरात बारा माणसं जेवत असायची!"

मात्राधर काढून टाकला. रोजच्या गोळ्या सुरू झाल्या.

दहाव्या दिवशी मनगटावर अठ्ठ्याऐंशी हजार उमटले. शिरीषच्या तोंडचं पाणी पळालं. ताईंनी माळेचा हूक लावला. तो अलगद लागला.

"पेढे आण," त्या म्हणाल्या.

"अगं, पण सोसायटीत सांगू काय?"

"सांग, माणसं घराबाहेर पडली."