शेवटच्या ओळीतला हात

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं. तेही रात्री-बित्री नाही. भर दुपारी चार वाजता, विद्यापीठाच्या हॉलमध्ये, पन्नास शिकल्यासवरल्या माणसांदेखत.

ताई खगोलशास्त्रज्ञ. ऐकायला मोठं वाटतं, पण नोकरी कायम दोन-दोन वर्षांची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. नव्या जागेसाठी दर वेळी आपल्या संशोधनावर व्याख्यान द्यायचं आणि मग "कळवतो" ऐकून परत यायचं. चाळिशी उलटली तरी हेच चाललेलं.

त्या दिवशीची जागा मात्र कायमची होती.

"ही गेली तर मी दुर्बिणीला रामराम ठोकणार," ती मला फोनवर म्हणाली. "दमले रे मी."

रात्रभर प्रवास करून ती थेट हॉलवर गेली. विभागप्रमुखांनी एकच सूचना केली. "मॅडम, लांबचे लोक इंटरनेटवर ऐकतायत. त्यांना हॉलमधले प्रश्न ऐकू जात नाहीत. तेव्हा प्रश्न आला की आधी तो माइकमध्ये पुन्हा म्हणा, मग उत्तर द्या."

पडदे ओढले. दिवे मालवले.

एका ताऱ्याची चमक अधूनमधून मंदावते, कारण त्याच्याभोवती धूळ फिरतेय, असं ताईचं म्हणणं. ती तासभर बोलली. शेवटी शेवटी टेबलाला टेकूनच उभी होती.

"काही प्रश्न?" प्रमुखांनी विचारलं.

कुणी हूं की चूं केलं नाही.

ताईने ताडलं. प्रश्न नाही म्हणजे भाषण कुणाला भिडलंच नाही. गेली ही पण जागा.

मग... शेवटच्या ओळीत एक हात वर झाला.

प्रोजेक्टरचा झोत डोळ्यांवर, त्यामुळे चेहरा दिसेना. नुसता हात. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, अगदी हळू. तरी तिला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"प्रश्न असा आहे," ताई माइकमध्ये म्हणाली, "की ही धूळ ताऱ्याभोवतीच कशावरून? तुमच्या दुर्बिणीच्या आरशावरची कशावरून नाही?"

हशा पिकला. ताईनेही हसत उत्तर दिलं, की आरसा मळका असता तर शेजारचे तारेही मंद दिसले असते.

पुन्हा तोच हात...

"प्रश्न असा आहे, की तारा स्वतःच थंड झाला नसेल कशावरून?"

याचं उत्तर तर तिच्या जिभेवरच होतं. तारा थंड झाला असता तर त्याच्या वर्णपटातल्या रेषा बदलल्या असत्या. त्या बदलल्या नव्हत्या. पुढच्या ओळीतल्या माना डोलायला लागल्या. ताईला हुरूप आला.

तिसऱ्यांदा हात वर झाला. या वेळी आवाज... जवळून आला.

"प्रश्न असा आहे," ताईला हसूच फुटलं, "की फार दमलीस ना? ही जागा मिळाली तर इथे मागे, माझ्या शेजारी येऊन बसशील का?"

असतील कुणी प्रेमळ, निवृत्त प्राध्यापक, असं तिला वाटलं.

"नक्की बसेन, सर."

टाळ्या पडल्या. दिवे लागले.

शेवटची ओळ रिकामी होती. सगळ्या खुर्च्या मिटलेल्या.

चहाच्या वेळी प्रमुख एकदम खूश. "काय युक्ती काढलीत! आपणच प्रश्न विचारायचे, आपणच उत्तरं द्यायची. मग अडवायची कुणाची बिशाद!"

चेष्टा करतायत, असं ताईला वाटलं. पण घरी येऊन तिने श्रोत्यांतल्या कुणीतरी फोनवर केलेलं व्याख्यानाचं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

"काही प्रश्न?"

मग शांतता. लांबलचक...

आणि मग ताईचा आवाज. "प्रश्न असा आहे..."

तिन्ही वेळा तसंच. मधे दुसरं कुणी बोललंच नव्हतं.

आठवड्याने फोन आला. जागा तिलाच मिळाली होती! मावशी आनंदाने रडली. मला मात्र तिने दिलेला शब्द आठवला.

दर गुरुवारी त्याच हॉलमध्ये कुणाचं तरी व्याख्यान असे. ताई मुद्दाम पहिल्या ओळीत बसायची. मागे वळून बघायची नाही.

एकदा उपग्रहांवर बोलायला एक पाहुणे आले होते. बोलून झालं. त्यांनी हॉलच्या मागच्या बाजूला बघितलं, नीट ऐकून घेतल्यासारखी मान हलवली आणि माइक जवळ ओढला.

"प्रश्न असा आहे, की... कबूल करूनही त्या अजून मागे का आल्या नाहीत?"

मग तेच गोंधळले. "माफ करा, हे कुणाबद्दल विचारताय?"

हॉलमध्ये कुणी तोंडच उघडलं नव्हतं.

ताईने हे सांगितलं तसा मी फोनवर ओरडलो, "चुलीत गेली ती नोकरी! परत ये तू!"

"कुठे येऊ रे? परत बॅग भरू? परत उभी राहून बोलू? अंगात त्राण नाही माझ्या. पदरी पडलं, पवित्र झालं."

मला तिचा राग आला. कीवही आली.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"आज हॉल खच्चून भरला होता. पुढे जागाच नव्हती."

"मग उभी राहिलीस ना, ताई?"



"नाही रे. मागे एकच खुर्ची मोकळी होती... बसले."

"मग?"

"मग काय? बरं वाटलं."

एवढंच बोलून तिने फोन ठेवला. आता तुम्ही म्हणाल, यात घाबरण्यासारखं काय आहे?

पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ताईचा आवाज दमलेला नव्हता... तेव्हापासून तिला फोन करायला मी धजलेलो नाही.