अंडी राहिली

संध्याकाळी सव्वासहा वाजता ती किराणा दुकानातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर पोचायच्या आतच तिच्या लक्षात आलं, पिशवीत अंडी नाहीत. मागच्या आठवड्यात साबण राहिला होता. त्याआधी चहाऐवजी कॉफीचा पुडा घरी आला होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

दुकान तिच्या आवडीचं होतं. बसथांब्याजवळ मोठं चकचकीत भांडार होतं, पण तिथे आभार मानायलासुद्धा यंत्र. इथे काउंटरमागे माणूस होता. वडिलांनी दुकान हाती दिल्यापासून तोच उभा असायचा. अंड्यांचा खोका उघडून एकेक अंडं उलटं करून बघायचा. "हा पाव नका घेऊ, सकाळचा आहे," असं आपणहून सांगायचा. निवृत्त मास्तरांना "गुडघा काय म्हणतोय?" असं विचारायचा आणि... उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायचा. ते थांबणं तिला पहिल्या दिवशीच आवडलं होतं. आणि खटकलंही होतं.

कारण गोड बोलणं कसं तयार होतं, हे तिला ठाऊक होतं. एका कंपनीच्या मदत-केंद्रात ती नव्या मुलामुलींना फोनवर बोलायला शिकवायची. आवाजात हसू कसं आणायचं, ग्राहक चिडला की श्वास कुठे घ्यायचा, आपुलकी किती वाढायची. अशा माणसाला आपुलकीवर विश्वास ठेवणं जड जातं.

शिवाय उद्या सकाळी दहाला तिला ऑफिसात उत्तर द्यायचं होतं. दुसऱ्या शहरात नवं केंद्र निघत होतं आणि ते तिने सांभाळावं, असं साहेबांचं म्हणणं होतं. जायचं की राहायचं? राहायला कारण एकच होतं, आणि ते कारण तिची अंडी विसरत होतं.

घरी आत्या होती. चार दिवसांसाठी आली होती आणि परतायचं नाव घेत नव्हती.

"आत्या, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ये. तांदूळ आण. माझी आत्या आहेस हे सांगू नकोस. आणि जरा कटकट कर."

"कटकट कशाला?"

"आमच्याकडे अशीच परीक्षा घेतात. खोटा ग्राहक पाठवून."

"मग खरी कटकट बघच," म्हणत आत्याने चपला घातल्या.

ती परतली ती खुशीत. "अगं, तांदूळ मी तीनदा बदलून मागितला. कपाळावर आठी नाही. पिशवी उसवलेली बघून दुसरी आतून घालून दिली. वर रस्ता ओलांडून द्यायला आला. 'सावकाश, मावशी,' म्हणाला. सोन्यासारखा मुलगा."

"काही विसरला का?"

"छे."

तिने पाण्याचा ग्लास उगाच धुतला. "म्हणजे सगळ्यांशी असाच. धंद्याचा गोडवा. सुटला प्रश्न."

"तुझ्याशीही असाच बोलतो ना?"

"माझ्याशी? माझ्याशी त्याचं एक वाक्य पुरं होत नाही. काट्यावर डाळ ठेवतो, वजन बघायचंच विसरतो, मग पुन्हा ठेवतो. परवा तर धन्यवाद मला म्हणायच्याऐवजी बरणीला म्हणाला. आमच्या केंद्रात असता तर पहिल्याच दिवशी नापास केला असता."

आत्याने तांदळाची पिशवी खाली ठेवली. भाचीकडे नीट बघितलं.

"आणि लोकांचे आवाज ऐकायचा पगार तुला मिळतो?"

तिने धुतलेला ग्लास पुन्हा धुतला. अर्धी वाक्यं, चुकलेला श्वास, मध्येच गेलेला आवाज... हेच तर ती रोज लोकांकडून काढून टाकत होती. ते कुणाला शिकवून आणता येत नाही, हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? तरीही संशय उरलाच. माणूस आवडला नाही की सुद्धा जीभ अडखळते.

साडेसात वाजता ती पुन्हा दुकानात शिरली. दारावरची घंटा किणकिणली. तो बाहेरचे खोके आत घेत होता. अंड्यांचा खोका सुतळीने बांधून काउंटरवर ठेवलेला होता.

"अंडी राहिली," ती म्हणाली.

"हो... म्हणजे, बांधून ठेवली होती."

"मी परत येणार, हे माहीत होतं?"

"वाटलं होतं."

"मुद्दाम विसरता तुम्ही?"

त्याचे कान लाल झाले. "साबण खरंच विसरलो होतो. कॉफीसुद्धा. अंडी..."

"अंडी काय?"

"विसरलं की तुम्ही परत येता. एका दिवसात दोनदा दिसता."

"हे वाक्य याआधी कितीजणींना ऐकवलंय?"

"कुणालाच नाही. दुपारपासून पाठ करतोय." तो सुतळीच्या गाठीशी चाळा करत राहिला. "तरी धड आलं नाही."

तिला हसू आलं. तिने ते दाबलं. "उद्या दहाला मला ऑफिसात सांगायचंय. दुसऱ्या शहरात बदली आहे. घ्यायची की नाही."

दुसरं कुणी असतं तर त्याने अभिनंदन केलं असतं, तिकडचं हवापाणी विचारलं असतं. तो म्हणाला, "मग... अंडी जपून न्या."

"एवढंच?"

घंटा वाजली. मास्तर आत आले, काठी टेकत. "अरे, जरा तो मलम—"

"थोडं थांबा, मास्तर."

मास्तर थांबले. इतक्या वर्षांत या दुकानात त्यांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि साबणांच्या फळीकडे वळून ते बारीक अक्षरं वाचू लागले.

"जाऊ नका म्हणायचा मला काही हक्क नाही," तो हळूच म्हणाला. "पण गेलात तर... चुका कुणाच्या सामानात करायच्या?"

ती बघत राहिली. शोधूनही तिला त्या आवाजात काही शिकवलेलं सापडलं नाही. "उद्या सांगते," एवढंच म्हणून ती निघाली.

घरी आत्याने पिशवी चाचपली. "अंडी?"

"राहिली."

"पुन्हा? किती विसरावं त्याने."

"या वेळी मी विसरले."

सकाळी नऊला दुकान उघडलं तेव्हा ती पायरीवर उभी होती. काउंटरवर खोका तसाच होता, गाठ न सोडलेली. ऑफिसला तिने अजून काही कळवलेलं नव्हतं; आधी इथे सांगायचं होतं.