संभावना

फोन आला तेव्हा शर्मिष्ठा अद्वयला दहीभात भरवत होती. २००३ चा मार्च, चेन्नईजवळच्या आवडी गावातली सरकारी क्वार्टर्स, पंखा गरम वारा नुसता ढवळत होता. पलीकडून म्हातारा आवाज आला.

"मी व्यंकोजी राव, टी. नगर. तंजावरकडचे मराठी आम्ही. घरीं पाळणा म्हणावयाचा आहे. आमच्या सुनांस तमिळच येतें." मग म्हणाले, "संभावना आहे, अम्मा."

संभावना आहे! म्हणजे शक्यता आहे, बघू, जमलं तर. नेहमीचंच. मिरजेला आठ वर्षं गाणं शिकलेली शर्मिष्ठा इथल्या मंडळाच्या हळदीकुंकवात फुकट गायची, वर 'आपलंच घर समजून या हं' हेही ऐकून घ्यायची.

"या वेळी तोंडानं माग," संकेत, तिचा नवरा, म्हणाला. "नाहीतर परत नारळ घेऊन येशील. बर्फी खाऊन कंटाळलोय मी."

"गाण्याचे पैसे मागायचे? कसं दिसेल ते?"

"गॅसवाला मागतो, त्याचं कसं दिसतं?"

अद्वयला शेजारच्या रंजनीकडे ठेवून ती निघाली. गाडीत सगळा वेळ एकच वाक्य घोळवत होती. मानधनाचं आधी ठरलेलं बरं. फार उद्धट वाटेल का? 'बरं' ऐवजी 'बरं होईल' म्हणावं का?

साड्यांच्या दुकानांची गर्दी मागं टाकून ती गल्लीत वळली, तसा आवाज एकदम बुडाल्यासारखा झाला. दुपारचे चार, तरी घरात अंधार. मोगऱ्याचा वास, आणि त्याखाली दुसरा... नासलेल्या दुधाचा. तुळईला जुन्या साडीची झोळी टांगलेली होती, तळाशी जड, फुगलेली. व्यंकोजी खांबाशी बसले होते, आणि दोरी ओढत त्यांची बहीण, कृष्णवेणी.

"बाळ केवढं?" शर्मिष्ठानं हळूच विचारलं.

"लहानच," कृष्णवेणी म्हणाली. "झोपत नाही. म्हणावें."

पाळणा पाच कडव्यांचा होता. गाय येते, चांदणं येतं, वारा येतो, आई येते, आणि पाचव्यात झोप येते. शर्मिष्ठाचा आवाज छान लागला. दोरी कुरकुरत होती, झोळी तालावर हलत होती. मधेच तिला वाटलं, संपलं की हे हात जोडतील, नारळ देतील, आणि आपण हसून घेऊ. स्वतःला ओळखते ना मी. चौथं कडवं संपलं आणि ते घोळवलेलं वाक्य आपोआप तोंडातून पडलं.

"पुढचं म्हणण्याआधी... मानधनाचं ठरलेलं बरं."

कृष्णवेणीचा हात दोरी ओढतच होता. झोळी मात्र जागच्या जागी थांबली.

व्यंकोजी उठले. खांबामागून ताट आणून तिच्यापुढं ठेवलं. विडा, केळी, हळद लावलेलं जाड पाकीट.

"गाणाऱ्यास देतात तीच संभावना, अम्मा. फोनवर बोललों होतों..."

शर्मिष्ठाचे कान तापले. जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. "मला वाटलं... चुकलं माझं. म्हणते मी." तिनं तोंड उघडलं. सूर नाही. पुन्हा उघडलं. नुसती हवा.

"झोंप पांचव्यांत होती," कृष्णवेणी म्हणाली. "चौथ्यावर उठवलेंत तुम्ही."

शर्मिष्ठानं झोळीत वाकून पाहिलं. आत कुणीच नव्हतं. तळाशी एवढासा खळगा होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू वर आला. साडी सैल पडली.

"गेलें..."

"कुठं?"

"पांचवें जिच्यापाशीं आहे, तिच्याकडे."

पाकीट कुणी हातात कोंबलं तिला आठवत नाही. घेतलं, एवढं मात्र खरं. तेच ती संकेतला सांगू शकली नाही.

रात्री साडेआठला तिनं अद्वयला थोपटायला घेतलं. त्याच पाळण्याची चार कडवी सरळ गेली. मग गळा मिटला. अंधारात अद्वय उठून बसला. दीड वर्षांचं पोर, त्यानं आईचा तळवा उघडला आणि त्यात काहीतरी ठेवलं. तसा आवाज फुटला, पाचवं कडवं झालं, तो झोपला. दिवा लावून पाहिलं तर गुळगुळीत झालेलं तांब्याचं नाणं. ओलं, कोमट, दुधाचा वास येणारं.

"गिळलं असतं म्हणजे?" संकेतनं सगळे खण उचकले. असलं नाणं घरात कधी नव्हतंच.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तिनं स्वतःचे हात पाठीमागे धरले. अद्वय झोपलाच नाही. पहाटेपर्यंत तिच्याकडे बघत राहिला, पापणी न हलवता.

म्हणून चौथ्या रात्री तिनं त्याच्या दोन्ही मुठी आपल्या डाव्या हातात घट्ट धरल्या. गाय, चांदणं, वारा, आई. गळा मिटला. मग, जगात कुणी बघत नाही ना अशा चोरटेपणानं, तिनं उजवा तळवा अंधारात पुढं केला.

नाणं पडलं. ओलं, कोमट. अद्वयच्या दोन्ही मुठी अजून तिच्या डाव्या हातातच होत्या.