पॅराशूटचा सातवा कप्पा

स्नेहलनं हा प्रकार आजवर तिघांनाच सांगितलाय. तिन्ही वेळा सारखाच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. जे घडलं ते खरंच घडलं, एवढंच ती म्हणते. का घडलं, ते तिलाही ठाऊक नाही.

वेळ रात्रीची नव्हती.

गेल्या वर्षीचा जानेवारी. गुरुवार. दुपारचे अडीच. जागा तळेगावकडच्या सुदुंबऱ्याजवळचं एक मंगल कार्यालय. पौषामुळं लग्नं बंद होती, हॉल रिकामा होता. आणि स्नेहलला रिकामा हॉलच हवा होता.

तिचं काम जरा वेगळं. वापरलेल्या पॅराशूटची किंमत ठरवायची. हौसेनं विमानातून उड्या मारणारे क्लब निघतात, बंद पडतात, मग त्यांचं सामान विक्रीला येतं. घेणारा विचारतो, हे अजून किती वर्षं चालेल? त्याचं उत्तर स्नेहल द्यायची. आधी ती नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात सीटकव्हर शिवायची. मग पॅराशूट तपासायचं रीतसर शिकली. कापडावरून नुसतं बोट फिरवलं तरी तिला कळायचं, यानं किती ऊन खाल्लंय.

त्या दिवशीचं पॅराशूट अतुलचं होतं. लोणावळ्यात त्याचा पर्यटकांसाठी कॅम्प होता, तो बंद केला होता. पॅराशूट मोठं. टँडमचं, म्हणजे शिकवणारा आणि त्याच्या पोटाशी बांधलेला पाहुणा, अशा दोघांचं.

"दोनशे चाळीस उड्या. एकही गडबड नाही, मॅडम," वही पुढं करत अतुल म्हणाला. "काय किंमत येईल ती येऊ द्या. आज तपासणीचा कागद मिळाला की झालं."

स्नेहलला वाटलं, माणूस पॅराशूट विकत नाहीये, टाकून देतोय.

वारं सुटलं होतं. धूळ नको म्हणून अतुलनं शटर खाली ओढलं आणि मागच्या दारानं गाडीकडं गेला.

दोऱ्या उत्तम होत्या. शिवण उत्तम. आता फक्त आतली बाजू राहिली होती.

पॅराशूट म्हणजे कापडाच्या लांबट कप्प्यांची रांग. प्रत्येक कप्पा पुढून उघडा, मागून शिवून बंद. मधल्या पडद्यांना ताटाएवढी गोल भोकं, हवा इकडून तिकडं जायला. हॉलमधला लग्नातला मोठा पंखा लावला की कप्पे फुगतात. मग स्नेहलसारखं बारीक अंगाचं माणूस डोक्याला बॅटरी बांधून पोटावर सरपटत आत जाऊ शकतं.

कार्यालयाची झाडलोट करणारी झुंबरबाई दारातून बघत होती.

"बाई, तुमी ह्यात शिरनार?"

"काही होत नाही मावशी. पंखा तेवढा चालू राहू द्या."

"ऱ्हाऊ द्या की. मी हितं मागंच हाय, भांडी घासतीया."

सहा कप्पे झाले. कापड नव्यासारखं. त्यातून हवेचा कणही सुटत नव्हता. तिनं मनात शेरा लिहूनही टाकला. उत्तम.

ती सातव्या कप्प्यात शिरली.

निम्मी आत गेली असेल…

शेजारच्या कप्प्यात कापड सळसळलं.

ती थांबली. सळसळही थांबली.

ती हातभर पुढं सरकली. शेजारचं कोणीतरीही… हातभर पुढं सरकलं.

"मावशी?"

मागच्या बाजूनं भांड्यांचा आवाज येत होता.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

पंखा घरघरत मंदावला. थांबला. आणि फुगलेलं कापड हळूहळू खाली आलं. पाठीवर. मानेवर. तोंडावर.

तिनं श्वास घेतला, तर कापड ओठांना चिकटलं. हवा सुटत नाही, हाच तर त्याचा गुण होता.

घाबरायचं नाही. मागं सरकायचं. पाय उघड्या बाजूला आहेत. तिनं पाय मागं नेले…

पायांना शिवण लागली.

पुढं शिवण. मागंही शिवण.

तिनं लाथा मारल्या. ओरडली. आवाज कापडातच विरला.

डोक्यावरची बॅटरी चालू होती. त्या उजेडात पातळ कापडातून तिला दिसलं. सगळं पॅराशूट जमिनीला टेकलं होतं. फक्त तिच्या शेजारचा कप्पा… अजून वर होता.

माणसाएवढा.

आणि तो उंचवटा श्वास घेत होता. भरभर. थंडीत कुडकुडल्यासारखा.

मग आवाज आला. मुलीचा, कोवळा, अगदी कानाजवळ.

"दादा… उघडलं का?"



"दादा, उघडलं का हो?"

पडद्याच्या भोकातून एक हात आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. हात गार होता. पण मारायला धरावं तसं ते धरणं नव्हतं. आकाशपाळण्यात बसलेलं घाबरलेलं पोर शेजारच्याला धरतं, तसं.

छातीत हवा उरली नव्हती. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. विचार करून नाही, आपसूकच तिच्या तोंडून निघालं,

"उघडलं."

मनगटावरची पकड घट्ट झाली.

"उघडलं गं बाळा. वर बघ. उघडलंय."

एक दीर्घ सुस्कारा ऐकू आला.

पकड सुटली.

पंखा बंद होता. तरीही तिच्या अंगावरचं कापड वीतभर वर उचललं गेलं. पायांना थंड फरशी लागली. ती तशीच मागं मागं सरकत बाहेर पडली आणि तोंड उघडून हवा ओढत राहिली.

झुंबरबाई धावत आली. तिला पाणी पाजलं. मग पॅराशूटकडं बघत म्हणाली, "आन् ती दुसरी कुटं हाय?"

"कोण दुसरी?"

"कापडाखालनं, तुमच्या शेजारनं रांगत व्हती ती. मी खिडकीतनं बगितलं की. तुमी फुडं गेला की तीबी फुडं."

अतुल आत आला तेव्हा स्नेहल भिंतीला टेकून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "या पॅराशूटखाली कोण मुलगी होती?"

अतुल पॅराशूटकडं बघत राहिला.

"तिनं… काही विचारलं?"

स्नेहलनं हो म्हणून मान हलवली. तो समोर फरशीवरच बसला.

"समीक्षा. घोरावाडीची. वाढदिवसाची उडी होती, माझ्याबरोबर. दोन वर्षं झाली."

"पॅराशूट उघडलं नव्हतं?"

"उघडलं होतं, मॅडम! वेळेवर उघडलं. नीट उतरलो दोघं. तिच्या भावानं व्हिडिओ काढलाय. पण खाली आल्यावरही ती तेच विचारत राहिली. पट्टे सोडले, तरी तेच. घरी गेली, तरी तेच. जेवते, झोपते, पण तोंडात दुसरा शब्द नाही. डॉक्टर झाले, देवऋषी झाले."

"तुम्ही सांगितलं नाहीत तिला?"

"हजारदा सांगितलं. पण मी जमिनीवरून सांगत होतो ना… ती अजून वरच होती."

मग त्यानंच विचारलं,

"तुम्ही काय सांगितलंत?"

"उघडलं म्हणाले."

"कधी?"

"लाईट गेली तेव्हा. तीन-सव्वातीन."

अतुलनं फोन लावला. स्पीकरवर टाकला. पलीकडं तिचा भाऊ होता. त्याच्यामागं बऱ्याच माणसांची कुजबुज ऐकू येत होती.

"समीक्षा कशी आहे?"



"सव्वातीनला शांत झाली," भाऊ म्हणाला.

आणि फोन कट झाला.

शांत झाली… म्हणजे काय?

अतुलनं पुन्हा लावला. मग पुन्हा. कोणी उचलला नाही.

त्यानं पॅराशूट गोळा केलं, घडीही न घालता, आणि गाडीत कोंबून निघून गेला. कागद मागितला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचा नंबर बंद आहे.

स्नेहलनं तेव्हापासून एकही पॅराशूट तपासलेलं नाही. तळेगावात ती आता ब्लाउज शिवते. घोरावाडी तिथून एकच स्टेशन. कोणालाही विचारलं तरी घर सापडेल.

ती आजवर दोनदा तिथं उतरली आहे.

दोन्ही वेळा फलाटाच्या टोकापर्यंत गेली, आणि मागं फिरली.