तळघरातला पाचवा अल्बम

नोव्हाय या अमेरिकी गावात घर घेऊन यतीन आणि वसुधाला जेमतेम वर्ष झालं होतं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी दारात एक उंच, वाकलेला म्हातारा येऊन उभा राहिला. नाव वॉल्टर. कधीकाळी त्याच्या ब्लूज रॉक बँडच्या कार्यक्रमांना स्टेडियम भरायची. पाचव्या अल्बमच्या वेळेला लोक पांगले होते, रेकॉर्ड कंपनीनं हात वर केले होते. मग त्र्याऐंशी साली त्यांनी तो भाड्याच्या घराच्या तळघरात केला. ते घर हेच.

"तू जुनी रेकॉर्डिंग साफ करून देतोस असं लायब्ररीत कळलं," वॉल्टर म्हणाला. "पत्ता वाचून चाटच पडलो. ही मूळ टेप. शेवटचं गाणं मात्र लावू नकोस."

गाड्यांमधले नको ते आवाज शोधून काढणं हा यतीनचा पेशाच होता. तळघरात हेडफोन लावून तो ऐकायला बसला. दुसऱ्या गाण्यात गिटारच्या मागे बारीक शिट्टी वाजली. मग आणखी दोन. वसुधानं कुकर लावला असेल म्हणून तो वर गेला. गॅस बंद होता.

"आम्हीही ती शिट्टी शोधली," तो खाली परतल्यावर वॉल्टर म्हणाला. "पाइप उघडले, हीटिंग बंद केलं. आमचा गायक त्यापायी बँड सोडून गेला. मग टेपवर एक बाई बोलायला लागली." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली आणि अडखळत म्हटलं, "आले, आले. थांब जरा. हे शब्द चाळीस वर्षं पाठ आहेत मला. कुठली भाषा ही?"

यतीननं तिसरं गाणं स्पीकरवर लावलं. चहा घेऊन खाली येणारी वसुधा जिन्यातच थांबली.

"यतीन, हा माझा आवाज आहे," ती म्हणाली. "तेव्हा तर मी जन्मलेही नव्हते."

त्या दिवसापासून ती तळघरात उतरली नाही. कुकर लावायचं तिनं बंद केलं. हाक मारली तरी ओ देईना. निमूट चालत येऊन समोर उभी राहायची. जानेवारीत त्यांनी टेप परत केली, घर सोडलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेले. तिथं ती हळूहळू पुन्हा बोलायला लागली.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी वॉल्टरचा फोन आला.

"टेप आपोआप स्वच्छ झालीय," तो म्हणाला. "शिट्टी नाही, बाई नाही. फक्त त्या शेवटच्या गाण्यात हाका मारणारा माणूस उरलाय. आधी ती त्याला ओ द्यायची. आता तो नुसताच हाका मारतो."

वसुधाला सांगायला यतीन वळला. आत्ता तर इथं भाजी धूत होती.

"वसू?"

बाथरूम रिकामी. बाल्कनी रिकामी. दाराची साखळी आतून लावलेली.

"वसू! अगं वसू!"

फोन अजून त्याच्या हातात चालू होता.

"हाच," वॉल्टर हळूच म्हणाला. "हाच तो आवाज."

सिंकवरचा नळ चालू होता. चाळणीतली मेथी अजून निथळत होती.