चौथं पाणी

तिनं त्याच्यावर पाणी ओतलं नव्हतं. पुढे सगळ्यांनी ती गोष्ट तिखटमीठ लावून तशीच सांगितली, पण खरं सांगायचं तर दोष पाइपाचा होता.

लॉन्ड्रीच्या मागच्या अंगाला धुलाईच्या मोठ्या मशिनांचं पाणी गटारात सोडलं जाई. तिथला एक रबरी पाइप सारखा निसटायचा. त्या सकाळी लॉन्ड्रीमालकांची धाकटी लेक बाह्या सावरून तो बसवत होती आणि नेमकं तेव्हाच मशिननं पोटातलं सगळं पाणी सोडलं. पाइप तिच्या हातातून उसळला, हवेत दोनदा गरगरला, आणि मागच्या दारातून आत येणाऱ्या एका उंच, पांढरा शर्ट घातलेल्या माणसाला डोक्यापासून बुटांपर्यंत न्हाऊ घालून मगच शांत झाला.

आभाळात ढगाचा पत्ता नव्हता, आणि हा माणूस मात्र निथळत उभा!

"अगं बाई… माफ करा हं!" धाकटीनं जीभ चावली.

त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसायला गेला, शर्ट चष्म्याहून ओला निघाला. मग तो हसला. "तुमच्याकडे पाहुण्यांचं स्वागत असंच होतं का?"

"पाहुणे पुढच्या दारानं येतात," ती फणकारली. चूक आपली असली की तिला फणकारा जरा जास्तच यायचा.

"पुढच्या दारानं आलो असतो तर गटार दिसलं नसतं. मी गटारच बघायला आलोय."

आता बघा, गटार बघायला आलेल्या माणसाचं कुणी काय करावं! पण धाकटीच्या काळजात चर्र झालं, कारण तो कोण हे तिला कळलं होतं. गावातलं सगळ्यात मोठं हॉटेल हे लॉन्ड्रीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याच्या चादरी आणि टॉवेल होते म्हणून लॉन्ड्री चालत होती. त्या हॉटेलनं यंदा फर्मान काढलं होतं, की आमचे कपडे धुताना जो पाणी आणि इंधन उधळेल त्याचं काम बंद. हॉटेलनं आपला माणूस मोजणीला पाठवायचं ठरवलं होतं… आणि तिनं त्यालाच भिजवून काढलं होतं.

काम गेलं तर काय होणार, हेही तिला पाठ होतं. शेजारचा गोदामवाला कधीपासून ही जागा मागत होता. बाबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "हॉटेल राहिलं तर लॉन्ड्री तुझी. हॉटेल गेलं तर मी विकून मोकळा होतो. तुझ्या गळ्यात धोंडा बांधून जाणार नाही मी." थोरली बहीण लग्न करून दूर गेली होती. धाकटी मात्र या वाफेत, या साबणाच्या वासात वाढली होती. तिला ही जागा हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

मशिनं सगळी भरलेली, त्यामुळे त्याचा शर्ट धुवायला जागा नव्हती. इस्त्रीच्या मावशींनी तो नुसताच पिळून गरम पाइपाजवळ टाकला आणि पाहुण्याला हॉटेलचाच एक झगझगीत पांढरा अंघोळीचा झगा दिला. तो झगा घालून, पट्टा आवळून, हा गृहस्थ गंभीर चेहऱ्यानं नळ मोजत हिंडू लागला. इस्त्रीच्या टेबलांवर हसू आवरेना.

दुपारी त्यानं शर्ट परत अंगात घातला. बाही नाकाशी नेली. "गंमतच आहे. तुमच्या गटारानं मला शर्ट धुऊन दिला की! सकाळपेक्षा स्वच्छ झालाय."

सगळे हसले. धाकटीही हसली. हसण्यावारी गेलेली ती गोष्ट कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

मग तो रोज येऊ लागला. प्रत्येक मशिनला त्यानं मीटर बसवलं, बॉयलरलाही बसवलं, आणि दाराजवळ एक काळा फळा टांगला. फळ्यावर एकच ओळ असायची: हजार लिटर पाण्यात किती किलो कपडे.

"लोक किलोमागे पाणी मोजतात. तुम्ही उलटं का?" धाकटीनं विचारलं.

"कारण पाणी कमी वापरा म्हटलं की माणसाचं तोंड उतरतं. याच पाण्यातून जास्त काम काढा म्हटलं की तो हिशोबाला बसतो." त्यानं खडू झटकला. "तुम्ही पाणी विकत घेता, इंधन जाळून तापवता, आणि मग ते गरमगरम गटारात सोडता. नदीचंही नुकसान, तुमचंही. नदीची काळजी आणि तुमचा नफा, दोन्हींची गाडी एकाच रस्त्यानं जाते."

"पाणी मोजता, वाफ मोजता… आणखी काय काय मोजता हो तुम्ही?"

"जे वाया जातं ते."

"आणि जे वाया जात नाही ते?"

तो चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिला. क्षणभर जास्तच बघत राहिला. "ते… मोजत बसायचं नसतं. जपायचं असतं."

"हे वाक्य घरून पाठ करून आलात का?"

त्याचे कान लाल झाले. धाकटी ट्रॉली ढकलत निघून गेली, पण ट्रॉली रिकामी होती आणि ती कुठे चालली होती हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

मावशींच्या नजरेतून काय सुटणार! "धाकटे, तो फळ्यावर लिहितो तेव्हा तू रोज तिथलीच फरशी पुसतेस. एवढी घाण होते का गं तिथं?"

"मावशी, तुमच्या चादरी जळतील तिकडे."

"चादरी नाही जळत हो. जळणारं दुसरंच कायतरी दिसतंय मला."

पण फळ्यावरचा आकडा काही हलेना. हॉटेलनं मागितलेल्या आकड्याच्या आसपासही तो पोचत नव्हता. एके दिवशी त्यानं खडू खाली ठेवला आणि बाबांसमोर खुर्ची ओढून बसला.

"कारण सापडलंय," तो जपून म्हणाला. "सगळीकडे साबणानंतर दोनदा पाणी बदलतात. म्हणजे एकूण तीन पाणी. तुमच्याकडे चार. तेही कोमट. ते चौथं पाणी बंद केलंत तर—"

"बंद होणार नाही," बाबा म्हणाले.

चौथं पाणी ही बाबांची आण होती. तरुणपणी, धंद्याच्या पहिल्या वर्षी, त्यांच्याकडून धुऊन गेलेल्या चादरीतल्या साबणानं एका बाळंतिणीच्या तान्ह्या मुलाच्या अंगावर पुरळ उठलं होतं. बाबा स्वतः जाऊन माफी मागून आले, आणि तेव्हापासून प्रत्येक खेपेला एक पाणी जास्त. शिवाय प्रत्येक खेपेतली एक चादर बाबा डोळे मिटून गालाला लावायचे. तेवढा वेळ इस्त्र्या थांबायच्या. मग बाबा म्हणायचे, "चालेल." त्यानंतरच माल बाहेर पडायचा.

"आता साबण पूर्वीसारखा राहिला नाही, काका."

"माणसाची कातडी तीच आहे," बाबा शांतपणे म्हणाले आणि उठले.

धाकटी त्याच्या मागोमाग अंगणात गेली. "थोडंसं… आकडा थोडासा वर नाही का सरकवता येणार? तुमच्याच तर हातात आहे."

"नाही."

"माझ्यासाठीही नाही?"

 तो हळू आवाजात म्हणाला, "तुमच्यासाठी खोटं लिहिलं, तर उद्या मी खरं बोललो तरी तुमचा विश्वास बसायचा नाही. आणि मला… तसं नकोय." तो दाराकडे वळला. "पुढच्या आठवड्यात शेवटची मोजणी आहे. तोवर येत नाही मी."

"नका येऊ! पाणी मोजून माणसं कळत नसतात!"

ती तावातावानं आत आली आणि टॉवेलांच्या ढिगाआड जाऊन खूप रडली. लॉन्ड्रीसाठी रडत होती की त्याच्यासाठी, याची मोजणी करायला तिथं मीटर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पाइप पुन्हा निसटला. धाकटी चिडून गेली, चिडूनच वाकली, आणि चौथं पाणी सगळंच्या सगळं तिच्याच अंगावर आलं. केसांवरून, गालांवरून, मानेवरून कोमट पाणी ओघळलं. ती डोळे चोळणार इतक्यात थबकली. डोळे चुरचुरत नव्हते. तिनं ओठांवरून जीभ फिरवली. साबणाची चव नाही. ओंजळ धरली, तर तळहातावरच्या रेषा लख्ख दिसत होत्या.

'तुमच्या गटारानं मला शर्ट धुऊन दिला…'

"मावशी!" ती ओरडत आत धावली, पायांमागे ओल्या पावलांची रांग. "मावशी, आपण चांगलं पाणी फेकतोय! चांगलं, तापवलेलं पाणी!"

बाबांना पटवणं मात्र सोपं नव्हतं.

"वापरलेलं पाणी? लोकांच्या कपड्यांना?"

"बाबा, चौथं पाणी जसंच्या तसं राहील. ताजंच राहील. फक्त ते गटारात सोडायचं नाही, टाकीत धरायचं. आणि पुढच्या खेपेतल्या मळक्या चादरींना पहिलं पाणी म्हणून द्यायचं. मळका कपडा पहिल्या पाण्याला काय नावं ठेवणार आहे? आणि ते आधीच कोमट असेल, म्हणजे तेवढं इंधनही वाचलं."

"आणि साबण गालाला लागला तर?"

"गाल तुमचा, निकाल तुमचा. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

कोपऱ्यात पडलेल्या दोन जुन्या टाक्या घासून काढल्या. प्लंबर आला, पंप आला, पाइप जोडले गेले, तीनदा गळले, चौथ्यांदा टिकले. पहिल्या खेपेच्या चादरी वाळून आल्या तेव्हा सगळ्या इस्त्र्या थांबल्या. बाबांनी चादर गालाला लावली. डोळे मिटले. नेहमीपेक्षा बराच वेळ मिटले. धाकटीनं ओढणीचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

"चालेल," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत, "चांगलंच चालेल."

शेवटच्या मोजणीला तो पुढच्या दारानं आला. धाकटीकडे बघायचं टाळून थेट मीटरकडे गेला. आकडा वाचला. मीटरवर टकटक केलं. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"मीटर बिघडलंय," तो म्हणाला.

"मीटर धडधाकट आहे," मावशींनी टेबलावरून उत्तर दिलं. "माणूस बिघडलाय."

धाकटीनं त्याला मागे नेलं आणि टाकीचं झाकण उघडलं. चौथं पाणी खळखळत टाकीत पडत होतं, त्यावर वाफेचा पातळ पदर तरंगत होता. तो बघत राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"मी यात भिजलो होतो! नखशिखांत भिजलो होतो… आणि तरी मला सुचलं नाही!"

"मोजून सगळं सुचत नाही," ती म्हणाली. मग जरा मवाळ होऊन, "पण तुम्ही मोजलं नसतंत, तर मला शोधायचं काय तेही कळलं नसतं."

त्या दिवशीचा आकडा तिनं स्वतः फळ्यावर लिहिला. हॉटेलनं मागितला होता त्याच्याही वरचा! कुणीतरी शिटी मारली, इस्त्रीच्या टेबलांवर टाळ्या कडाडल्या, आणि बाबा चक्क मान वळवून डोळे पुसत होते. पण तो मात्र कागद बॅगेत भरून, "येतो," एवढंच म्हणून निघाला. वळूनसुद्धा न बघता. बाई गं, असा कसा माणूस!

चार दिवसांनी हॉटेलच्या मॅनेजरीणबाईंचा फोन आला. काम पुढे चालू राहणार होतं, आणि त्यांच्या दुसऱ्या हॉटेलचं कामही यांनाच मिळणार होतं. बाकीच्या लॉन्ड्रीवाल्यांना ही टाकी दाखवायला आणलं तर चालेल का, असंही त्यांनी विचारलं. बाबांनी गोदामवाल्याला निरोप धाडला, की दुसरी जागा बघ. मग किल्ल्यांचा जुडगा काढून धाकटीच्या हातात ठेवला.

"आजपासून मालकीणबाई."

सगळ्यांनी एकच गलका केला. धाकटी हसत होती, आणि हसताहसता तिची नजर सारखी मागच्या दाराकडे जात होती. सगळं मिळालं होतं. मग मेलं हे मन कशाला कुरकुरतंय?

मागचं दार वाजलं. तोच पांढरा शर्ट. हातात बॅग नाही, मीटर नाही.

"आज काय मोजायला आलात?" तिनं विचारलं. आवाज रागावलेला यावा म्हणून तिनं खूप खटपट केली.

"काही नाही. ती मोजणी संपली. काल अहवाल दिला, आणि आता तुमच्या लॉन्ड्रीचं काम माझ्याकडे नाही." तो एक पाऊल पुढे आला. "अहवालाआधी एक शब्दही बोलायचा नाही असं ठरवलं होतं. बोललो असतो तर तुमच्या जिंकण्यावर लोकांनी बोट ठेवलं असतं. तुम्ही स्वतःच्या अकलेवर जिंकलात, हे आधी सगळ्यांना कळायला हवं होतं."

"आणि आता?"

"आता…" त्याचे कान पुन्हा लाल झाले. "तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून. त्या झग्यात उभा होतो ना… तेव्हापासून. मी पाठ करून आलो होतो हो, पण सगळं विसरलो."

वाफेच्या पाइपात कुठेतरी सुस्कारा सुटला. धाकटीला वाटलं तो आपलाच असावा. तिनं किल्ल्या कमरेला खोचल्या.

"असं आहे," ती म्हणाली, "आमच्याकडे पारखल्याशिवाय काही चालत नाही."

आणि डोळे मिटून तिनं आपला गाल त्याच्या खांद्यावर, त्या शर्टावर अलगद टेकवला. तो श्वास रोखून उभा राहिला. एकेक करत सगळ्या इस्त्र्या थांबल्या.

बाबा आतून दारात आले. त्यांनी पाहिलं, घसा खाकरला, आणि छताकडे बघत विचारलं, "काय गं धाकटे? चालेल का?"

तिनं डोळे उघडले नाहीत.

"थांबा हो, बाबा! नीट पारखू तर द्या…"